विद्यापीठातील गोळीबार आणि अधिकाऱ्यांचे कर्तव्य



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर दूरदेशीच्या विद्यापीठांत होणाऱ्या गोळीबाराचा विषय कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. अमेरिकेत बंदुका फार, तेथील कायदे निराळे, तेथील समाज निराळा. त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? परंतु या मंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांची मुले, पुतणे, भाच्या त्या देशात शिकत असतील, किंवा जाण्याच्या तयारीत असतील. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात जी बत्तीस माणसे मारली गेली, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि तमिळनाडूतून जाऊन तेथे वर्षानुवर्षे शिकवणारे एक प्राध्यापकही होते. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे असे मानण्याची सोय आता उरलेली नाही.

प्रश्न असा आहे: विद्यापीठाच्या आवारात गोळीबार होतो तेव्हा तेथील अधिकारी आपले कर्तव्य पुरेसे बजावतात काय? आमचे उत्तर आम्ही आधीच सांगून टाकतो, म्हणजे आपणास ते तपासून पाहता येईल. घटना घडून गेल्यावर जे करायचे ते ते पुष्कळ करतात. घटना घडत असताना जे करायचे ते अलीकडे पूर्वीपेक्षा बरे करू लागले आहेत. घटना घडण्यापूर्वी जे करायचे ते मात्र अजूनही अपुरे पडते. आणि या तिन्ही वेळी दिसणारी उणीव मूलतः एकच आहे. माहिती कोठेतरी असते. पण जिच्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे ती माहिती त्या माणसाच्या हाती वेळेवर जात नाही.

प्रथम एक मर्यादा मान्य केली पाहिजे. बंदूक कोणाला मिळावी हे कुलगुरू ठरवीत नाही. टेक्सास विद्यापीठात १ ऑगस्ट १९६६ रोजी एका विद्यार्थ्याने मनोऱ्याच्या अठ्ठाविसाव्या मजल्यावरून सुमारे दीड तास गोळ्या झाडल्या. त्या घटनेला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, १ ऑगस्ट २०१६ रोजी, त्याच राज्यात एक नवा कायदा अमलात आला. परवाना असलेल्या माणसाला सरकारी विद्यापीठाच्या इमारतीत पिस्तूल झाकून नेण्याची मुभा त्याने दिली. टेक्सास विद्यापीठ-समूहाच्या प्रमुखांनी या कायद्याला उघड विरोध केला होता. विधिमंडळाने तो मानला नाही. तेव्हा जे अधिकाऱ्यांच्या हाती नाही त्याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आम्ही हिशेब मागतो तो त्यांच्या हाती जे आहे त्याचाच.

आता व्हर्जिनिया टेकची ती सकाळ पाहू. या घटनेची चौकशी जितक्या बारकाईने झाली तितकी क्वचितच दुसरीची झाली असेल. राज्याचे गव्हर्नर टिम केन यांनी नेमलेल्या समितीने ऑगस्ट २००७ मध्ये अहवाल दिला आणि पुढे २००९ साली त्याला पुरवणी जोडली. त्यामुळे मिनिटामिनिटाचा वृत्तांत उपलब्ध आहे.

सकाळी सव्वासातच्या सुमारास वेस्ट ॲम्ब्लर जॉन्स्टन या वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. काही मिनिटांत विद्यापीठाचे पोलीस तेथे पोहोचले. मारेकरी निसटला होता. मृत मुलीच्या मित्राकडे बंदुका आहेत असे पोलिसांना कळले, आणि हे प्रकरण खाजगी भांडणाचे असावे, संशयित आवाराबाहेर गेला असावा, असा त्यांचा ग्रह झाला. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी विद्यापीठाच्या वरिष्ठांची बैठक बसली. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना पहिली सूचना गेली ती नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी, ई-मेलने. गोळीबाराचा एक प्रकार घडला आहे, सावध राहावे, संशयास्पद काही दिसल्यास पोलिसांना कळवावे, एवढाच तिचा आशय. माणसे मेली आहेत आणि मारेकरी सापडलेला नाही, या दोन गोष्टी तीत नव्हत्या. त्यानंतर सुमारे चौदा मिनिटांनी त्याच माणसाने नॉरिस हॉल या इमारतीची दारे आतून साखळ्यांनी बांधून घेतली आणि वर्गावर्गांत शिरून दहा-अकरा मिनिटांत तीस माणसे मारली. मारेकरी मोकळा आहे, इमारतींतच थांबा, अशी खरी इशाऱ्याची सूचना निघाली तेव्हा त्या इमारतीतला गोळीबार संपत आला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसे येथे घडले. फरक एवढाच की बंब कोणता रस्ता घ्यायचा हे ठरवायला येथे दोन तास लागले.

या दोन तासांत बातमी खरोखर कोणालाच ठाऊक नव्हती काय? येथे पुरवणी अहवालाने जे उघड केले ते अधिक बोचणारे आहे. आवाराला सूचना जाण्याच्या पुष्कळ आधी काही अधिकाऱ्यांनी आपापल्या घरी ही गोष्ट कळवली होती. पावणेनऊच्या सुमारास बैठकीतील एका सदस्याने रिचमंड या राजधानीत एका सहकाऱ्याला लिहिले, की एक विद्यार्थी ठार, दुसरा जखमी, बंदूकधारी मोकळा आहे. आणि हे अद्याप जाहीर करण्याजोगे नाही. आवारातील कचरा उचलण्याचे काम विद्यार्थ्यांना सूचना मिळण्याच्या एकवीस मिनिटे आधी थांबवले गेले. गावातील सरकारी शाळांनी नऊ वाजण्यापूर्वीच आपली दारे बंद केली होती. थोडक्यात, बातमी राजधानीत पोहोचली, काही घरांत पोहोचली, गावातल्या शाळांत पोहोचली. मात्र नऊ वाजून पाच मिनिटांच्या तासाला जाऊन बसलेली मुले आणि त्यांचे शिक्षक यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. बैठकीत बसलेली माणसे सज्जन होती आणि त्यांच्यावर आलेला प्रसंग कठीण होता. परंतु बातमी ही आपली मालमत्ता आहे, ती घासूनपुसून, खात्री करून, योग्य शब्दांत आपण इतरांना द्यायची असते, अशी जी संस्थांची सवय असते तिने त्या दिवशी घात केला. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण व्यवहारात कधी उपयोगी पडत असेल. मारेकरी मोकळा हिंडत असताना मूठ झाकून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता अधिकाऱ्यांच्या बाजूने जे सांगितले जाते तेही ऐकले पाहिजे, आणि ते पोकळ नाही.

पहिले म्हणणे असे, की अपुऱ्या माहितीवर ओरड केली तर घबराट होईल. हा आक्षेप जुना आहे आणि अनुभवाने तो फारसा टिकत नाही. गावाला पूर येणार असेल तर पाण्याची पातळी इंचाइंचाने मोजून होईपर्यंत आपण दवंडी थांबवीत नाही. "दोन जणांवर गोळ्या झाडल्या गेल्या, झाडणारा सापडलेला नाही, कोण आहे ते कळलेले नाही" हे वाक्य अपुऱ्या माहितीचे असले तरी पूर्णतः खरे आहे. साडेसातलाही ते खरेच होते. खात्री कशाची हवी याचा येथे घोटाळा झाला. मारेकरी कोण याची खात्री पोलिसांना हवी असते. धोका आहे एवढ्याची खात्री इतर सर्वांना पुरते.

दुसरे म्हणणे असे, की आवार म्हणजे एखादी शाळा नव्हे. व्हर्जिनिया टेकमध्ये शंभराहून अधिक मोठ्या इमारती आणि शिक्षक-विद्यार्थी मिळून सुमारे पस्तीस हजार माणसे. ते सारे एका किल्लीने बंद कसे करणार? हे म्हणणे समितीनेही मान्य केले. इतकेच नव्हे, तर वसतिगृहातील दोन हत्यांनंतर विद्यापीठाने काहीही केले असते तरी त्या दिवशीचा मोठा अनर्थ पूर्णपणे टळला असता असे दिसत नाही, असेही समितीने लिहून ठेवले. पण त्याच समितीने हेही म्हटले, की सूचना लवकर आणि स्पष्ट दिली असती तर बळी कमी झाले असते असा संभव होता. इशाऱ्याने मारेकरी थांबत नाही. मात्र इशारा मिळालेला माणूस दाराकडे दोनदा पाहतो, कोणी तासालाच जात नाही, कोणाला आवाज ऐकताच अर्थ कळतो. त्या सकाळी नॉरिस हॉलमध्ये पहिले आवाज ऐकून कित्येकांना बांधकामाचे ठोके चालले आहेत असे वाटले होते. लिव्हियू लिब्रेस्कू नावाचे वृद्ध प्राध्यापक, ज्यूंच्या संहारातून बालपणी वाचलेले, दाराला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांचे बहुतेक विद्यार्थी खिडक्यांतून उड्या टाकून वाचले. ते स्वतः मात्र मारले गेले. त्यांना धोका कळायला जो काळ मिळाला तो मिनिटाचाही नसेल. दोन तास मिळाले असते तर?

तिसरे म्हणणे, लांडगा आला रे आला असे वारंवार ओरडले तर पुढे कोणी ऐकणार नाही. यात तथ्य आहे. पण त्याचा उपाय इशारा रोखणे हा नसून इशारा नेमका देणे हा आहे. काय घडले, कोठे घडले, माणूस सापडला की नाही, आपण काय करावे, या चार गोष्टी दोन ओळींत सांगता येतात. अशा दोन ओळी आधीच तयार करून ठेवणे आणि त्या पाठवण्याचा अधिकार पहाऱ्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती देणे, यासाठी बैठक बोलवावी लागत नाही.

हे झाले त्या सकाळचे. पण त्या सकाळची बीजे दीड वर्ष आधी पेरली गेली होती. मारेकऱ्याचे नाव आम्ही येथे घेत नाही. त्याची गरजही नाही. २००५ च्या शरद ऋतूत इंग्रजी विभागातील प्राध्यापिका निकी जोव्हानी यांनी त्याला आपल्या वर्गातून काढण्याचा आग्रह धरला. विभागप्रमुख लुसिंडा रॉय यांनी त्याला वेगळे बसवून स्वतः शिकवले आणि त्याच्याविषयीची काळजी वरिष्ठांना, पोलिसांना व समुपदेशन केंद्राला कळवली. विद्यार्थिनींच्या तक्रारी पोलिसांकडे गेल्या. त्या डिसेंबरात त्याने आत्महत्येची भाषा केली, रात्रभर रुग्णालयात त्याला ठेवले गेले, आणि न्यायाधिकाऱ्याने त्याला स्वतःच्या जिवाला धोका असलेला ठरवून बाहेरून उपचार घेण्याचा आदेश दिला. तो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात एकदा गेला आणि पुन्हा गेला नाही. कोणी चौकशी केली नाही. घरच्यांना कोणी कळवले नाही. विद्यार्थ्याच्या खाजगीपणाच्या कायद्याने आपले हात बांधलेले आहेत अशी पुष्कळांची समजूत होती. वस्तुतः धोक्याच्या प्रसंगी माहिती देण्याची मुभा त्याच कायद्यात होती, असे चौकशीत दिसून आले. न्यायाधिकाऱ्याचा आदेशही बंदूक-खरेदीच्या तपासणी-यादीत पोहोचला नाही, आणि २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने दोन पिस्तुले उघडपणे विकत घेतली.

पाहा, येथेही तेच आहे. विभागाला एक गोष्ट ठाऊक, पोलिसांना दुसरी, केंद्राला तिसरी, न्यायालयाला चौथी. चार खणांत चार कागद. चारही एकत्र ठेवणारा कोणी नाही. किंबहुना त्या सकाळीसुद्धा नॉरिस हॉलच्या साखळी घातलेल्या दारावर बॉम्बच्या धमकीची चिठ्ठी एका शिक्षकाच्या हाती लागली होती. ती पोलिसांकडे न जाता वरच्या मजल्यावरील अधिष्ठात्यांच्या कार्यालयात गेली. संस्थेत प्रत्येक कागद पायरीपायरीने वर जातो, आडवा जात नाही. एरवी या शिस्तीचे आपण कौतुकच करतो. संकटात तीच नडते.

टेक्सासचा जुना दाखलाही असाच आहे. १९६६ च्या मार्चमध्ये तेथील विद्यार्थ्याने विद्यापीठाच्याच मानसोपचारतज्ज्ञाला सांगितले होते, की मनोऱ्यावर चढून लोकांना गोळ्या घालण्याचे विचार आपल्या मनात येतात. पुढच्या आठवड्यात या, असे त्याला सांगितले गेले. तो आला नाही. त्या काळच्या वैद्याला आजच्या ज्ञानाने दोषी ठरवणे उचित नव्हे, कारण तसले बोलणे तेथे अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडी येई. परंतु न येणाऱ्या माणसाची चौकशी करणे हे काम कोणाचे, हा प्रश्न १९६६ साली अनुत्तरित होता आणि २००५ सालीही तो तसाच होता.

आता घटनेनंतरचे पाहू. येथे शोकसभा होतात, स्मारके होतात, चौकश्या होतात, आणि त्या प्रामाणिकपणे होतात. टेक्सासला मात्र मृतांची नावे कोरलेला दगड बसवायला पन्नास वर्षे लागली, तीही गोष्ट लक्षात ठेवावी. परंतु जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला व्हर्जिनिया टेकच्या प्रकरणात जी उत्तरे मिळाली ती मोठी उद्बोधक आहेत. अमेरिकेत १९९० पासून क्लेरी कायदा आहे. १९८६ साली लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात खून झालेल्या मुलीच्या आईवडिलांनी केलेल्या खटपटीतून तो झाला आणि तिच्याच नावाने ओळखला जातो. धोक्याची सूचना वेळेवर देणे त्याने विद्यापीठांना बंधनकारक केले. त्याच कायद्याखाली शिक्षण खात्याने २०११ साली व्हर्जिनिया टेकला पंचावन्न हजार डॉलर दंड केला. प्रशासकीय न्यायाधीशाने तो रद्द केला. शिक्षणमंत्री आर्न डंकन यांनी सूचना वेळेवर नव्हती हा ठपका पुन्हा कायम केला. शेवटी २०१४ साली विद्यापीठाने साडेबत्तीस हजार डॉलर भरले. दुसरीकडे, २०१२ साली ज्युरीने दोन मृत मुलींच्या पालकांच्या बाजूने निर्णय दिला, आणि २०१३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नॉरिस हॉलमधील हत्या अधिकाऱ्यांना आधी दिसण्याजोगी नव्हती, म्हणून इशारा देण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

न्यायालयाच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. पण कायद्याने दोषी नसणे आणि कर्तव्य पुरेसे करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. न्यायालय विचारते, यांना हे दिसायलाच हवे होते काय? आईबाप विचारतात, तुम्हाला जे दिसत होते ते माझ्या मुलीला का सांगितले नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही. शिक्षा किती याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. पैशाने माणूस परत येत नाही. परंतु चुकीचा उच्चार होणे महत्त्वाचे आहे, कारण ज्या संस्था आपली चूक शब्दांत सांगू शकत नाहीत त्या ती सुधारूही शकत नाहीत.

सुधारणा झाली नाही असे मात्र कोणी समजू नये. २००८ साली क्लेरी कायद्यात भर पडली, आणि तातडीच्या धोक्याची खात्री होताच विनाविलंब सूचना देणे आवश्यक झाले. त्याच वर्षी, १४ फेब्रुवारीला, नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात पाच विद्यार्थी मारले गेले तेव्हा आवाराला इशारा गेला तो सुमारे पंधरा मिनिटांत. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थी मारले गेले. तेथे मोबाइलवर सूचना पोहोचायला सुमारे बारा मिनिटे लागली. दोन तासांवरून बारा मिनिटांवर येणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही वर्गांच्या दारांना आतून कुलपे बसवण्याचा निर्णय मिशिगन स्टेटने घेतला तो या गोळीबारानंतर. नॉरिस हॉलला तोवर सोळा वर्षे होत आली होती. दुसऱ्याच्या घरी आग लागल्यावर आपल्या विहिरीत पाणी किती आहे हे पाहण्याची सवय संस्थांना अजून लागायची आहे.

आणि आधीच्या कामाचे काय? व्हर्जिनिया राज्याने २००८ साली कायदा करून प्रत्येक सरकारी विद्यापीठात धोक्याचा विचार करणारे पथक नेमायला लावले. चार खणांतले कागद एका टेबलावर आणण्याचीच ती योजना होती. परंतु त्याच राज्यातील व्हर्जिनिया विद्यापीठात १३ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विद्यार्थी मारले गेले. आरोपी विद्यार्थ्यापाशी बंदूक असावी ही गोष्ट त्या पथकाच्या कानावर सप्टेंबरातच आली होती आणि चौकशी चालू होती. कागद एका टेबलावर आले. पण टेबलाशी बसलेल्यांपैकी उठून पुढे जायचे कोणी, हे ठरले नव्हते. पथक नेमल्याने अर्धे काम होते. उरलेले अर्धे, विशिष्ट माणसाने विशिष्ट दिवसापर्यंत विशिष्ट गोष्ट करण्याचे आहे.

तेव्हा आपण काय करावे? ज्यांची मुले तिकडे जाणार आहेत त्यांना आम्ही एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. आपण शुल्क विचारतो, वसतिगृह विचारतो, थंडीचे कपडे विचारतो, शाकाहारी जेवण मिळते का तेही विचारतो. क्लेरी कायद्याप्रमाणे सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात मागील तीन वर्षांतील गुन्ह्यांचे आकडे असतात आणि संकटात सूचना कशी दिली जाते त्याची माहितीही असते. तो कोणालाही वाचता येतो. मुलाबरोबर बसून वाचावा. तेथे पोहोचल्यावर त्या सूचना-व्यवस्थेत आपला मोबाइल क्रमांक नोंदवलेला आहे की नाही हे त्याने पहिल्या आठवड्यात पाहावे. आणि एक प्रश्न विद्यापीठाला सरळ लिहून विचारावा: इशारा पाठवण्याचा अधिकार आपल्याकडे कोणाला आहे, आणि त्याला त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागते? या प्रश्नाच्या उत्तरावरून ती संस्था कशी आहे हे पुष्कळसे कळेल.

विद्यापीठ ही ज्ञान देणारी संस्था आहे असे आपण म्हणतो. ज्ञान फक्त पुस्तकांतले असते असे नाही. या घटकेला या आवारात काय चालले आहे हेही ज्ञानच आहे, आणि त्यावर पहिला हक्क तेथे वावरणाऱ्या शेवटच्या विद्यार्थ्याचा, शिक्षकाचा आणि झाडू मारणाऱ्या कामगाराचा आहे. बैठकीचा हक्क त्यानंतरचा. हा क्रम ज्या दिवशी अधिकाऱ्यांच्या अंगवळणी पडेल त्या दिवशी त्यांनी आपले कर्तव्य पुरेसे केले असे आम्ही म्हणू. तोपर्यंत आपण विचारीत राहावे, एवढीच विनंती.